३१ टक्के, पण कशाचे? सेल्युलोजवरच्या एका गाजलेल्या पेपरचं वाचन

या वेळी एकच पेपर वाचायला घेते आहे, आणि तोही फक्त तीन पानांचा. अत्सुशी फुकुओका आणि परेश ढेपे यांचा, २००६ साली 'आंगेवांडटे केमी' या जर्मन नियतकालिकात आलेला. विषय आहे घन उत्प्रेरक वापरून सेल्युलोजपासून शुगर अल्कोहोल बनवणं. काम झालं जपानमध्ये साप्पोरोच्या होक्काइडो विद्यापीठात. दोघांपैकी ढेपे पुढे पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत म्हणजे आपल्या 'एनसीएल'मध्ये आले आणि हा विषय तिथे चालू राहिला. त्यामुळे नेट, सेट, गेटची तयारी करता करता 'बायोमासवर पीएचडी करावी का' असा विचार करणाऱ्यांना हा पेपर कुठल्या ना कुठल्या वळणावर भेटतोच.

बऱ्याच जणांना त्यातला एकच आकडा पाठ असतो: ३१ टक्के. माझं म्हणणं असं, की या पेपरचं मोठेपण त्या आकड्यात नाहीच. आणि त्याच्यामागून आलेल्या बऱ्याच संशोधनाची अडचण अशी, की त्यानं प्रश्नापेक्षा आकड्याचाच जास्त पाठलाग केला. हे दोन्ही मुद्दे नीट सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी

भाकरीतला स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक आहे तो मणी एकमेकांना कसे जोडलेत याचा. स्टार्चमधली जोडणी अल्फा प्रकारची, त्यामुळे माळ वळते, सैल राहते, पाणी आणि एन्झाइम आत शिरतात. सेल्युलोजमधली जोडणी बीटा प्रकारची. माळा सरळसोट राहतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगतात आणि त्यांचे स्फटिक होतात. पाण्यात विरघळायचं नावच नाही. म्हणून आपण ज्वारी खातो आणि कडबा जनावरांसाठी ठेवतो. त्यांच्याही पोटातले सूक्ष्मजीवच ते काम करतात.

ही माळ तोडायची तर पाणी आणि आम्ल लागतं. सल्फ्युरिक आम्लाने ते पूर्वापार होतं. पण मग आम्ल वेगळं करा, चुना घालून मारा, गंजणारी भांडी सांभाळा. दुसरी अडचण त्याहून मोठी: सुटलेलं ग्लुकोज गरम आम्लात टिकत नाही. गुऱ्हाळात काहिलीखालचा जाळ थोडा जास्त झाला की रस कसा करपतो, तसंच काहीसं. त्यातून तपकिरी, काळपट घन पदार्थ बनतो. त्याला ह्युमिन म्हणतात. म्हणजे माळ हळू तोडली तर दिवस जातो, जोरात तोडली तर माल करपतो.

पेपरनं काय केलं

फुकुओका आणि ढेपे यांनी द्रवरूप आम्ल पूर्ण बाजूला ठेवलं. ॲल्युमिनासारख्या घन आधारावर प्लॅटिनमचे बारीक कण बसवलेला उत्प्रेरक, पाणी, सेल्युलोज आणि हायड्रोजन वायू, एवढंच भांड्यात घेतलं. तापमान १९० अंश सेल्सिअस, हायड्रोजनचा दाब ५ मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास ५० पट. वेळ २४ तास.

कल्पना अशी: माळेतून ग्लुकोज सुटलं रे सुटलं की त्याच भांड्यात, त्याच उत्प्रेरकावर त्याला हायड्रोजन द्यायचा. ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होतं. ग्लुकोजमधला जो आल्डिहाइड गट करपण्याचं मूळ असतो, तोच राहत नाही, म्हणून सॉर्बिटॉल उष्णतेला बरंच टिकून राहतं. नाजूक माल तयार होताक्षणी सुरक्षित करून टाकायचा, हा यातला खरा डाव आहे. सर्वांत चांगल्या प्रयोगात २५ टक्के सॉर्बिटॉल आणि ६ टक्के मॅनिटॉल मिळालं. आपले ३१ टक्के ते हेच.

आता पहिली टीपणी. हायड्रोजन लावत लावत सेल्युलोज तोडायची कल्पना २००६ची नाही. सोव्हिएत रशियात १९५०च्या दशकापासून द्रव आम्ल आणि रुथेनियम मिळून हे काम चाललं होतं. शार्कोव यांचा त्यावरचा आढावा १९६३ साली याच नियतकालिकात आलेला आहे. मग नवं काय? द्रव आम्लाशिवाय, गाळून परत घेता येणाऱ्या घन उत्प्रेरकानं हे होतं, हे दाखवणं नवं. ऐकायला ही बाब छोटी वाटते. पण घन सेल्युलोज आणि घन उत्प्रेरक एकमेकांना नीट भेटणारच नाहीत, असं तेव्हा कुणीही रसायनशास्त्रज्ञ सहज म्हणाला असता. ती भीती या तीन पानांनी घालवली. पेपरचं श्रेय इथे आहे, आणि ते निर्विवाद आहे.

त्याचा परिणामही लगेच दिसला. २००७ साली चीनमधल्या हाइचाओ लिऊ यांच्या गटानं २४५ अंशांवरचं पाणी आणि कार्बनवरचं रुथेनियम वापरून अर्ध्या तासात सुमारे ३९ टक्के हेक्सिटॉल मिळवली. त्यांचा युक्तिवाद सुंदर होता: इतकं गरम पाणी स्वतःच थोडं आम्लधर्मी होतं, आणि थंड झालं की ते आम्ल आपोआप नाहीसं होतं. २००८ साली ताओ झांग यांच्या दालियानमधल्या गटानं प्लॅटिनमसारख्या महाग धातूला फाटा देऊन निकेल आणि टंगस्टन कार्बाइड वापरलं. त्यांना सॉर्बिटॉलऐवजी ६१ टक्के इथिलीन ग्लायकॉल मिळालं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक ज्यापासून बनतं त्यातला एक घटक. तीन वर्षांत ३१वरून ६१! क्षेत्र पेटलं ते असं.

आता उतारा मोजूया

इथे थांबून 'यील्ड' या शब्दाकडे बघायला हवं. आपल्याकडे साखर कारखान्यात यालाच उतारा म्हणतात. पण कारखान्याचा उतारा आणि पेपरातला यील्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारखाना सांगतो, १०० किलो ऊस गाळला, ११ किलो साखर मिळाली, उतारा ११ टक्के. भागाकार अख्ख्या उसावर. समजा त्या उसात साखर होती १३ किलो. पेपरच्या पद्धतीनं हिशोब केला तर हाच उतारा ८५ टक्के होईल, कारण तिथे भागाकार होतो 'जास्तीत जास्त जेवढं मिळू शकलं असतं' त्यावर. कारखाना तोच, साखर तीच, आकडा एकदम ११चा ८५. यात लबाडी नाही. रसायनशास्त्रात तसा हिशोब करणं योग्यच आहे, कारण अभिक्रिया किती कार्यक्षम झाली हे त्यातून कळतं. मात्र तो आकडा उचलून 'कचऱ्यापासून ३१ टक्के रसायन' असं कुणी प्रस्तावात लिहिलं, तर तो चूक आहे.

आपणच करून बघू. उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस, गिरणीतून निघतं तेव्हा निम्मं पाणी असतं. कोरड्या भागात सेल्युलोज ४० टक्के धरा. त्यातलं सेल्युलोज अगदी शुद्ध पावडरीसारखं वागलं, आणि ३१ टक्के यील्ड मिळाला, तर १०० किलो ओल्या बगॅसमधून साधारण ७ किलो शुगर अल्कोहोल मिळतात. (सेल्युलोजमधला ग्लुकोजचा एक मणी १६२ वजनाचा, त्याचं सॉर्बिटॉल १८२ वजनाचं, हे गुणोत्तर धरून.) ३१ आणि ७. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला कुठे वापरायचा एवढाच प्रश्न.

पाण्याचा हिशोब

दुसरा आकडा असा, जो बऱ्याच पेपरांच्या सारांशात नसतो आणि प्रयोगाच्या तपशिलात शोधावा लागतो: पाणी किती? या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत पाण्याच्या मानानं सेल्युलोज एक-दोन टक्केच असायचं. प्रयोगशाळेत हे सोयीचं. ढवळायला सोपं, उष्णता सारखी पसरते, करपणं कमी.

आता एक टक्का धरून हिशोब मांडा. १००० किलो पाणी, १० किलो सेल्युलोज, २५ टक्के यील्ड. सॉर्बिटॉल मिळालं २.८ किलो. ते वेगळं करायला पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण २२६० मेगाज्यूल. ओलं बगॅस जाळून किलोमागे साडेसात मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. म्हणजे ३०० किलो बगॅस नुसतं जाळायला! आणि ज्यातून आपले १० किलो सेल्युलोज आलं ते बगॅस किती? ५० किलो.

कुणी म्हणेल, कारखान्यात असं एका भांड्यात थोडंच आटवतात, तिथे एकाची वाफ दुसऱ्याला देत चार-पाच भांड्यांची ओळ असते. बरोबर. तसं केलं की ३००चे ६०-७५ होतात. तरीही जाळायचं बगॅस वापरायच्या बगॅसपेक्षा जास्तच. शिवाय पाणी १९० अंशांपर्यंत तापवायचा खर्च यात धरलेलाच नाही.

हेच सेल्युलोज दहा टक्के घेतलं तर? पाणी दहापट कमी, इंधन ६-७ किलोवर येतं आणि गणित एकदम शक्यतेत येतं. म्हणजे यील्ड ३१वरून ४० करण्यापेक्षा सेल्युलोज एकवरून दहा टक्क्यांवर नेणं इथे कितीतरी जास्त मोलाचं आहे. पण ते अवघड आहे. लगदा घट्ट होतो, नीट ढवळला जात नाही, ह्युमिन वाढतात आणि यील्ड घसरतो. घसरलेला यील्ड पेपरात चांगला दिसत नाही. म्हणून सोप्या प्रयोगांची गर्दी होते आणि अवघड प्रश्न तसाच पडून राहतो.

उत्प्रेरक टिकतो का?

घन उत्प्रेरकाचा मोठा दावा असा की तो गाळून परत वापरता येतो. पण गाळता येणं वेगळं आणि टिकणं वेगळं. गरम पाणी घन पदार्थांना सुखानं जगू देत नाही. २०११ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये कार्स्टन सीव्हर्स यांच्या गटानं दाखवलं, की गॅमा ॲल्युमिना २०० अंशांच्या पाण्यात ठेवला तर साधारण दहा तासांत त्याचं बोहमाइट या दुसऱ्याच खनिजात रूपांतर होतं. पृष्ठभाग घटतो, वरच्या धातूचे कण एकत्र गोळा होतात. त्याच सुमाराचं त्यांचं दुसरं काम सांगतं, की वाय प्रकारचा झिओलाइट अशा पाण्यात काही तासांत ढासळतो, पण झेडएसएम-५ टिकतो.

हे निष्कर्ष समोर ठेवून १९० अंश आणि २४ तास हे आकडे परत वाचा. शंका येणं साहजिक आहे. पण टीका करताना दुसरी बाजूही शोधायची असते. सीव्हर्स यांच्याच गटाला पुढे दिसलं, की पाण्यात सॉर्बिटॉलसारखे पदार्थ असले तर ते पृष्ठभागावर बसतात आणि हा बदल बराच मंदावतो. म्हणजे नुसत्या पाण्यातल्या प्रयोगावरून प्लॅटिनम-ॲल्युमिनाला बाद करणंही घाईचं. मधला शहाणा प्रश्न असा: उत्प्रेरक किती वेळा वापरला, आणि प्रत्येक वेळी वापरल्यानंतर त्याची रचना तपासली का? फक्त यील्ड सारखा आला म्हणून उत्प्रेरक सारखा राहिला असं होत नाही. २४ तास दिले तर अर्धा मेलेला उत्प्रेरकही काम संपवतो! टिकाऊपणा तपासायचा तर काम अर्धवट असताना, कमी वेळ देऊन तपासायला हवा.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. आज हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतो. मग अक्षय्य कच्चा माल घ्यायचा आणि त्यावर जीवाश्म इंधनातला हायड्रोजन चढवायचा, याला 'हरित' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. पुढे फुकुओका यांच्या गटानंच आयसोप्रोपिल अल्कोहोलकडून हायड्रोजन घ्यायचा मार्ग करून पाहिला. म्हणजे ही उणीव त्यांना दिसत होती.

'कचरा' कोणाचा?

आता ज्या वाक्यानं या विषयावरचे बहुतेक पेपर सुरू होतात त्याकडे येऊ: शेतीतला कचरा मुबलक आणि स्वस्त आहे. मी राहते त्या पिंपळे गुरवहून हिंजवडीच्या पलीकडे गेलं की कासारसाई-दारुंब्र्याला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना लागतो. गळिताच्या हंगामात महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्यावर जा आणि बगॅसला कचरा म्हणून बघा. कारखान्याचा बॉयलर त्यावर चालतो. अनेक ठिकाणी त्यातूनच वीज बनवून महावितरणला विकली जाते. उरलेलं कागद गिरण्या घेतात. बगॅसला मालक आहे, भाव आहे, गिऱ्हाईक आहे. उसाचं वाढं जनावरांना जातं, कडब्याच्या पेंढीला उन्हाळ्यात काय किंमत येते ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

हरियाणा-पंजाबात भाताचा पेंढा खरोखर शेतात जाळला जातो. तिथे 'कचरा' हा शब्द बसतो. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प २०२२च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, त्यामागचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. तो रस्ता एन्झाइम आणि किण्वनाचा आहे, आपल्या धातूच्या उत्प्रेरकांचा नाही. पण कच्चा माल कुठला आणि कुठे, हा विचार तिथे आधी झालेला दिसतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे उसाचं पाचट. ते अजूनही पुष्कळ ठिकाणी पेटवतात. पण ते शेतभर विखुरलेलं असतं, गोळा करायला मजूर लागतात, आणि जमिनीवर आच्छादन म्हणून राहिलं तर त्याचा शेतालाच फायदा होतो.

शिवाय खऱ्या मालात राख असते. पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका. घन आम्ल उत्प्रेरकाची ताकद असते त्याच्या प्रोटॉनमध्ये. राखेतले क्षार पाण्यात उतरून त्या प्रोटॉनची जागा घेतात आणि उत्प्रेरक थंड पडतो. शुद्ध सेल्युलोजच्या पांढऱ्या पावडरीत ही अडचण दिसतच नाही.

म्हणूनच ढेपे यांच्या एनसीएलमधल्या पुढच्या कामाला मी २००६च्या पेपरइतकंच महत्त्व देते. रामकृष्ण साहू यांच्याबरोबर २०१२ साली त्यांनी बगॅस, भाताचं तूस आणि गव्हाचं काड हा खरा माल घेतला. त्यातलं हेमिसेल्युलोज आधी वेगळं न काढता, घन आम्ल वापरून थेट पाच कार्बनी साखर आणि फरफ्युरालपर्यंत नेलं. फरफ्युराल नवं नाही. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनी १९२२पासून ओटच्या टरफलांपासून ते बनवत होती, पण सल्फ्युरिक आम्लानं. इथे पुन्हा प्रश्न तोच: द्रव आम्लाशिवाय जमेल का? आणि या वेळी तो पांढऱ्या पावडरीला न विचारता खऱ्या चिपाडाला विचारला. सेल्युलोजपेक्षा हेमिसेल्युलोज तुटायला सोपं, हे मान्य. झिओलाइट टिकण्याची वर सांगितलेली शंका इथेही लागू होते, हेही मान्य. त्याच प्रयोगशाळेतून पुढच्या वर्षी सिलिकोॲल्युमिनोफॉस्फेट प्रकारच्या, जास्त टिकाऊ उत्प्रेरकावरचं काम आलं. म्हणजे शंकेचा पाठपुरावा झाला. चांगल्या संशोधनाची ओळख मला यात दिसते.

मग या विषयात यावं का?

यावं. पण डोळे उघडे ठेवून. आज सॉर्बिटॉल बाजारात मिळतं ते स्टार्चच्या ग्लुकोजवर हायड्रोजन चढवून. टूथपेस्टमध्ये, खोकल्याच्या औषधात तेच असतं. ती पद्धत जुनी, स्वस्त आणि स्वच्छ आहे. तिला हरवायचं तर 'आमचा कच्चा माल खाण्याचा नाही' एवढं पुरत नाही.

पीएचडीची चार-पाच वर्षं ही छोटी गुंतवणूक नाही. विषय निवडताना पुढ्यात आलेल्या प्रत्येक पेपरला हे चार प्रश्न विचारा. यील्ड कशावर काढला? पाण्यात माल किती टक्के होता? उत्प्रेरक वापरल्यानंतर पुन्हा तपासला का? आणि माल खरा होता की बाटलीतली पांढरी पावडर? ज्या पेपरात चारही उत्तरं सरळ दिलेली आहेत, तिथे यील्ड २० टक्के असला तरी तो जपून ठेवा. जिथे यील्ड ९० आहे आणि ही उत्तरं सापडत नाहीत, तिथे पेन्सिल घेऊन बसा.

२००६च्या पेपरला हे चार प्रश्न लावले तर तो पैकीच्या पैकी गुण मिळवत नाही. मिळवायची गरजही नव्हती. तो पहिला दरवाजा होता. आता जवळपास वीस वर्षांनी आपण त्याच दरवाजात उभं राहून तो किती टक्के उघडला हे मोजत बसलो, तर दोष त्या पेपरचा नाही.

सुरुवात म्हणून एवढं करा. यातला तुमच्या आवडीचा कुठलाही अलीकडचा पेपर काढा आणि त्याचा उतारा साखर कारखान्याच्या पद्धतीनं, ओल्या बगॅसवर काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. आलेला आकडा वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. गाइडला भेटायला जाल तेव्हा बोलायला काय हवं, ते तिथेच मिळेल.